चोवीस तास फुटबॉलवर लिहिणार, पण पैसे मागायचे कसे?

या वेळी पत्रं बरीच आलीत पण एकाच पत्राला जास्त जागा देतेय, कारण विषय मला मनापासून आवडला. त्याच्या आसपासचेच आणखी काही प्रश्न आलेत, ते नंतर घेते.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहतो, महाप्याला आयटीत आहे. फुटबॉलचं वेड शाळेपासून, रात्री दीड वाजता उठून चॅम्पियन्स लीग बघणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या इथल्या ग्राउंडवर शनिवार-रविवार वस्तीतल्या मुलींची एक टीम प्रॅक्टिस करते, एक छोटी रजिस्टर्ड संस्था ती चालवते. मुली जबरदस्त खेळतात पण निम्म्या जणींकडे स्टड्स म्हणजे फुटबॉलचे बूट नाहीत, नडगी वाचवणारे शिनगार्ड आळीपाळीने घालतात आणि बाहेरगावी टूर्नामेंट असली की गाडीभाड्यावरून सगळं अडतं. मला त्यांच्यासाठी पैसे उभे करायचेत. लोक मॅरेथॉन धावून करतात तसं, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे धावणं बंद, लिहायला मात्र मला येतं. म्हणून डोक्यात असं आलंय की सलग चोवीस तास फक्त फुटबॉलवर लिहायचं आणि लोकांनी दर शब्दामागे काहीतरी द्यायचं. मित्र म्हणतात एवढं वाचणार कोण आणि पैसे तरी कशाला देतील. मला स्वतःला पैसे मागायची फार लाज वाटते. करू का सोडून देऊ?
— ऐरोलीचा एक फुटबॉलवेडा

उत्तर: कर. सोडू नकोस अजिबात. फक्त तुझ्या प्लॅनमध्ये मी दोन-तीन गोष्टी बदलेन.

आधी लाजेचं बोलू कारण खरा अडसर तोच आहे. तुला आठवत असेल, जून २०१८ ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंटरकॉन्टिनेंटल कप होता, भारताने पहिल्या मॅचला चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं किती तर २,५६९. एवढ्या मोठ्या मुंबईत! मग छेत्रीने एक साधा व्हिडिओ टाकला, कॅमेऱ्यात बघून हात जोडून म्हणाला की या, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धची मॅच, त्याची स्वतःची शंभरावी, हाउसफुल झाली. अरे भारताचा तेव्हाचा कॅप्टन, देशासाठी सगळ्यात जास्त गोल केलेला माणूस, तो लोकांसमोर हात जोडतो आणि त्यात त्याचा मान एक इंचही कमी होत नाही, उलट त्या दिवसापासून मला तो जास्त मोठा वाटतो. तू तर स्वतःसाठी मागतच नाहीयेस. आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून साधी नोकरदार माणसं आपापल्या ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत असंच मागून एनजीओंसाठी पैसे उभे करतायत, त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

पण मागताना एक पाळ, ग्रुपवर मेसेज टाकून गप्प बसू नकोस. शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज कुणालाच उद्देशून नसतो, सगळ्यांना वाटतं बाकीचे देतील. एकेकाला नावाने मेसेज कर, जमलं तर फोन कर, आणि रक्कम सांग. "जमेल तेवढं दे" म्हटलं की माणूस विचारात पडतो आणि मग राहूनच जातं, "एका मुलीच्या स्टड्सचे अमुक रुपये होतात, तू एक जोडी घेशील का" असं विचारलंस तर तो हो किंवा नाही काहीतरी एक सांगतो. नाही म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, पुढच्याला विचारायचं. यादी आधीच करून ठेव, शाळेतले मित्र, ऑफिसमधले, ज्यांच्याबरोबर टर्फवर खेळायचास ते, आणि तुझे काका-मामा-आत्या सुद्धा, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नसलं तरी भाच्याने काहीतरी चांगलं करायला घेतलंय हे कळतंच ना.

आता मित्रांचा मुद्दा, कोण वाचणार. हा प्रश्न त्यांनी बरोबर विचारलाय आणि माझं सगळं सांगणं याच्याभोवतीच आहे. तू चोवीस तास बसून स्वतःला हवं ते लिहीत सुटलास तर खरंच कुणी वाचणार नाही, कौतुक होईल आणि संपेल. त्यापेक्षा प्रत्येक लेख कुणाचातरी होऊ दे. म्हणजे जो पैसे देईल त्याने विषय सांगायचा, "माझ्या बाबांनी मला कूपरेजला नेलेली पहिली मॅच", "लिव्हरपूलची इस्तंबूलची फायनल", "माझी मुलगी गोलकीपर का झाली", काहीही, आणि तू त्याच्याशी आदल्या आठवड्यात दहा मिनिटं फोनवर बोलून माहिती घ्यायची आणि त्या दिवशी त्याचा लेख लिहून त्याच संध्याकाळी त्याला पाठवायचा, वर त्याचं नाव. आपल्यासाठी लिहिलेलं माणूस वाचतोच, आणि घरच्यांना वाचून दाखवतो, चार जणांना पाठवतो, त्यातले दोघं विचारतात की आमच्यासाठी पण लिहील का तो. पैसे तिथून वाढतात. आणि एक-दोन लेख त्या मुलींचे ठेव, त्यांच्या प्रॅक्टिस मॅचचा रिपोर्ट लिही, कुणी पास दिला, कुणी गोल वाचवला, अगदी पेपरमध्ये येतो तसा, आणि छापून त्यांच्या हातात दे. आपल्या खेळाबद्दल कुणी नीट बसून लिहिलंय हे त्या वयात केवढं मोठं असतं! मला वाटतं स्टड्स इतकंच.

चोवीस तास मात्र नको रे. रात्री दोननंतर तू काय लिहितोयस ते तुलाच कळणार नाही, आणि ज्याने विश्वासाने आपल्या बाबांची आठवण तुला सांगितली त्याचा लेख अर्धवट झोपेत लिहिणं बरं नाही. माझ्या मते अकरा हाफ कर. पंचेचाळीस मिनिटं लिहायचं, पंधरा मिनिटं ब्रेक, जसं मैदानात असतं तसं, आणि प्रत्येक हाफ टीममधल्या एका पोझिशनच्या नावाने, पहिला गोलकीपरचा, शेवटचा स्ट्रायकरचा. सकाळी आठला सुरू केलंस तर जेवणाचा एक तास धरून संध्याकाळी पावणेआठला संपतं. लोकांना सांगायला पण सोपं. एका हाफमध्ये तुझे किती शब्द होतात ते आधी घरी दोन-तीनदा बसून बघ, कारण देवनागरी टाइप करायचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो आणि बोलून टाइप केलं तर नंतर दुरुस्त करायलाच बराच वेळ जातो. समजा हाफला पाचशे झाले तर दिवसाचे साडेपाच हजार, ते पुरे झाले.

दर शब्दामागे पैसे ही आयडिया ऐकायला छान आहे पण मला पटत नाही. एक तर देणाऱ्याला शेवटी किती द्यावे लागणार ते कळत नाही म्हणून तो हात आखडता घेतो, दुसरं म्हणजे शब्द वाढवायच्या नादात लिखाण पातळ होतं. आणि हिशोब कर ना, शब्दाला दहा पैसे म्हटले तर साडेपाच हजार शब्दांचे ५५० रुपये होतात. त्यापेक्षा सरळ "हाफला पन्नास रुपये" सांग, अकरा हाफचे तेच ५५० पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आणि शक्यतो आधी घे. "तू कर, मग देतो" म्हणणारी माणसं वाईट नसतात, विसरतात, आणि मग महिनाभर तू मागे लागत बसणार.

आता पैशांचा व्यवहार, हे नीट वाच. तुझा स्वतःचा जीपे नंबर किंवा क्यूआर कुणालाही देऊ नकोस. पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात गेले पाहिजेत, संस्थेचा क्यूआर घे आणि तोच फिरव. तुझ्यावर कुणाचा संशय आहे म्हणून नाही सांगत, तुझ्या खात्यात पगार, कर्जाचा हप्ता आणि मुलींचे पैसे एकत्र आले की हिशोब तुलाच लागणार नाही आणि देणाऱ्याला पावती मिळणार नाही. शिवाय कायदा पण आहे. गणपतीची वर्गणी काढायला मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करतात ना, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली, ते फक्त गणपतीपुरतं नाहीये, नोंदणी नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे म्हटलं की ते लागू होतं. तुझी संस्था रजिस्टर्ड आहे म्हणतोस, मग त्यांच्या नावाने, त्यांच्या लेखी परवानगीने, त्यांच्याच खात्यात घे. रजिस्ट्रेशन नंबर मागून घे आणि प्रत्येक मेसेजमध्ये टाक.

त्यांच्याकडे ८० जी, म्हणजे देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का तेही विचार, कारण ऑफिसमधले लोक पहिला प्रश्न हाच विचारतील. असेल तर जुन्या टॅक्स रिजीममध्ये असणाऱ्यांना सवलत मिळते, नव्या रिजीमवाल्यांना नाही, आणि दोन हजाराच्या वर रोख दिले तर त्यावर कुणालाच मिळत नाही. ज्याला सवलत हवी त्याने संस्थेला पॅन नंबर द्यायचा, म्हणजे त्याला सर्टिफिकेट मिळतं. ८० जी नसेल तर नाही म्हणून स्पष्ट सांग, त्याशिवाय देणारी माणसंही भरपूर आहेत.

आणि मुलींचे फोटो टाकताना जपून. सगळ्या अठराच्या आतल्या असणार, आईवडिलांनी लेखी हो म्हटल्याशिवाय चेहरा नको, नाव-पत्ता-शाळा तर नकोच. गरीब बिचाऱ्या मुली असा सूर पण लावू नकोस. त्या खेळाडू आहेत, त्यांना सामान हवंय, एवढंच सांगणं पुरेसं आहे. सगळं झालं की आठवड्याभरात हिशोब पाठव, किती जमले, किती जोड्या आल्या, उरलेले कशासाठी ठेवलेत, बिलाच्या फोटोसकट, आणि ज्याने पन्नास दिले त्यालाही तोच हिशोब गेला पाहिजे.

जागेचं सुचवते. घरी बसू नकोस, ज्या ग्राउंडवर मुली खेळतात तिथेच कडेला टेबल टाकून बस, प्रॅक्टिसच्या वारी, डिसेंबर-जानेवारीत ऊन सोसण्यासारखं असतं तेव्हा. लोक येऊन बघतील, बोलतील, तिथल्या तिथे क्यूआर स्कॅन करतील. प्लगची सोय नसेल तर सरळ वहीत लिही.

प्रश्न: मी नेरुळला राहते, कॉलेजला आहे. अशीच एक लिखाणाची मॅरेथॉन आम्ही मैत्रिणी करणार आहोत पण आम्ही सगळ्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगवाल्या, भारतातल्या फुटबॉलबद्दल काय लिहिणार? काही आहे का तसं लिहिण्यासारखं?

उत्तर: अगं तू नेरुळला राहतेस आणि हे विचारतेस? तुझ्या घराजवळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर तर एक अख्खी वही भरेल. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपची सेमी फायनल तिथे झाली, स्पेनने मालीला ३-१ हरवलं आणि त्यातला एक गोल फेरान टोरेसचा होता, जो आता बार्सिलोनात खेळतो. ३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल तिथेच, स्पेन १, कोलंबिया ०, आणि हरलेल्या कोलंबियात लिंडा कायसेडो होती, जिने पुढच्याच वर्षी मोठ्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीला गोल मारला आणि कोलंबियाने ती मॅच जिंकली. म्हणजे नेरुळ स्टेशनला उतरून चालत गेलं असतं तर उद्याची मोठी खेळाडू बघायला मिळाली असती.

पण माझ्या मनातून जात नाही ती २०२२ चीच जानेवारी. महिलांचा एशियन कप आपल्याकडे होता, भारताच्या मुलींची पहिली मॅच डी वाय पाटीलवर इराणशी ०-० झाली, आणि २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी मॅच होती, पण टीममध्ये इतक्या जणींना कोविड झाला की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडू सुद्धा उभ्या राहिल्या नाहीत. मॅच झालीच नाही, भारत स्पर्धेतून बाहेर. स्वतःच्या देशात, स्वतःच्या ग्राउंडवर, एक गोलही न खाता घरी जायचं, यावर मराठीत कुणी भरभरून लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, ते तुम्ही लिहा ना. आणि त्याला जोडून ५ जुलै २०२५ लिहा, आपल्या मुलींनी थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि क्वालिफायर खेळून, स्वतःच्या बळावर २०२६ च्या एशियन कपमध्ये जागा मिळवली. मुलींच्या टीमसाठी पैसे जमवत असाल तर याहून चांगला विषय नाही.

जुनं हवं असेल तर १९११ चं कोलकात्याचं मोहन बागान आहे, आयएफए शील्ड स्पर्धेच्या फायनलला ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं, एक जण सोडून सगळे अनवाणी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सशी दोन पेनल्टी घालवून २-१ हरलो, तेव्हाही बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. आपला मुंबईकर नेव्हिल डिसूझा आहे, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या घरात ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक, भारत चौथा आला. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला हरवून एशियन गेम्सचं गोल्ड. माहिती जमवायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे जाऊन बसा, जुनं वाचायला मिळेल आणि शांतता पण.

प्रीमियर लीगवर लिहू नका असं नाही हं. ज्याने पैसे दिले त्याला आर्सेनलवर हवं असेल तर आर्सेनलवर लिहा.

प्रश्न: माझा मुलगा अकरावीत आहे. मित्रांबरोबर रात्रभर जागून फुटबॉलवर लिहायचं आणि अनाथाश्रमासाठी पैसे जमवायचे असं ठरवलंय. हेतू चांगला आहे म्हणून नाही म्हणवत नाही पण काळजी वाटते. काय करू?
— कळवा

उत्तर: नाही म्हणू नका, फक्त रात्र काढून घ्या. या वयात आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, ती मोडून काही साधत नाही. त्याला असं सुचवा की एका रात्रीत करण्याऐवजी महिनाभर रोज थोडं लिही. अमेरिकेत १९९९ ला नॅनोरायमो नावाचा उपक्रम सुरू झाला, नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहायचे, म्हणजे रोज साधारण १,६६७. ती संस्था २०२५ ला बंद झाली पण पद्धत कुणीही वापरावी अशी आहे. मुलासाठी एवढे शब्द जास्तच, रोज तीनशे पुरेत, शाळा-कॉलेज सांभाळून. मोठी स्पर्धा चालू असेल तर तिला जोडून घ्यायचं, २०२२ च्या कतार वर्ल्ड कपला ६४ मॅच होत्या, तसं दर मॅचला एक छोटा लेख आणि नातेवाइकांनी लेखामागे दहा रुपये. वहीत लिहीत असेल तर मनगट आणि अंगठा दुखायला लागला की त्या दिवशी थांबायचं, दुखतंय तसंच रेटायचं नाही, हे मात्र नक्की सांगा. आणि पैसे तुमच्या देखरेखीखाली, आश्रमाच्या खात्यात, आश्रम रजिस्टर्ड आहे का ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. मुलांवर सोडू नका ते काम.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पैशांचं आवाहन टाकायला बंदी आहे. मग लोकांपर्यंत जायचं कसं?
— घोडबंदर रोड

उत्तर: बंदी आहे तर टाकू नका, नियम सगळ्यांना सारखा. सेक्रेटरींना भेटून नोटीस बोर्डवर एक कागद लावायची परवानगी मागा, आणि रविवारी सकाळी क्लब हाउसमध्ये तासभर बसून तुमचे लेख वाचून दाखवा, ऐकायला आलेल्यांना तिथे समोरासमोर विचारा. पाच माणसं आली तरी चालतील.

प्रश्न: माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो, त्याला आमच्या लेखन मॅरेथॉनसाठी मोठी रक्कम द्यायची आहे. घेता येईल का?
— वाशी

उत्तर: त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेतून नीट पाठवत असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत, संस्था घेऊ शकते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं, जे छोट्या संस्थांकडे सहसा नसतं. तसं असेल तर तुमच्या खात्यावर मागवून मग संस्थेला द्यायचा शॉर्टकट करू नका, संस्था अडचणीत येते. त्याऐवजी त्याला सांगा की तिथल्या त्याच्या भारतीय पासपोर्टवाल्या मित्रांना तुमचे लेख वाचायला दे आणि त्यांना विचार, आणि एक लेख त्याच्या नावाने लिहायला विसरू नका.